विषय क्रमांक तीन: मोटारींचा विभाग

मी माजलगावात बसून जावा शिकवतो. जावा ही कॉम्प्युटरला कामाला लावायची भाषा. आमच्या गल्लीत तिच्याबद्दल एवढंच ठाऊक आहे की ती ज्याला येते तो पुण्याला जातो आणि दिवाळीशिवाय दिसत नाही. मी एकटाच असा निघालो, की मला ती आली आणि तरी मी इथंच राहिलो. म्हणून लोक मला सर म्हणतात. काही आदरानं म्हणतात, बाकीचे कीव येऊन.

दहाएक वर्षांपूर्वी मी एक वेबसाइट काढली. मराठीतून जावाचा प्रश्न टाकायचा, ज्याला येईल त्यानं उत्तर द्यायचं. ती चालली. किती चालली म्हणून सांगू? धरणाचे सगळे दरवाजे एकदम उचलले तरी सिंदफणेला एवढा लोंढा यायचा नाही, एवढे प्रश्न यायचे. बायको म्हणते, दिवसाला पंधरा यायचे. असतील. पण पंधरा माणसं रोज दारात येऊन उभी राहिली तर घर भरतंच ना. पुढं एका कॉलेजानं मला बोलावून शाल दिली, नारळ दिला. एकाच विषयाला धरून राहणारा माणूस आजकाल मिळत नाही, असं तिथले प्रमुख भाषणात म्हणाले. ती शाल मी भर मे महिन्यात पांघरून आरशासमोर उभा राहिलेलो आहे.

मग दिवस फिरले. लोक प्रश्न थेट मशीनलाच विचारायला लागले. मशीन लगेच उत्तर देतं, वर गोड बोलतं, 'आधी शोधून बघितलं का' असं खेकसत नाही. साइटवर खेकसायचं खातं माझ्याकडंच होतं. साइटवर आठवड्याला जावाचा एखादा प्रश्न यायला लागला, तोही चुकून आल्यासारखा. आणि तेवढ्यात मोटारी आल्या.

सिरसाळ्याच्या एक ताई आमच्याच साइटवर जावा शिकल्या होत्या. त्यांच्या वडलांचं मोटारी भरायचं दुकान. विहिरीवरची, बोअरची मोटार जळाली की आतली काळी झालेली तार काढायची आणि नवी गुंडाळायची, हे काम. वडलांना सगळा तालुका मिस्तरी म्हणतो. एकानं साइटवर विचारलं, मोबाइलवरून विहिरीची मोटार चालू करायचा प्रोग्राम लिहिलाय, प्रोग्राम बरोबर दिसतो, पण मोटार नुसती गुं गुं करते, उचलत नाही. आम्ही जावावाले तीन दिवस त्याचा प्रोग्राम उलटापालटा करत बसलो. चौथ्या दिवशी ताईंचं उत्तर आलं. मिस्तरी सांगत गेले आणि ताईंनी शब्दाला हात न लावता टाइप केलं: 'आधी मेन स्विच पाड. मग तिन्ही फेज येतात का बघ. एक फेज गेला असंल तर मोटार रडती, पर उठत न्हाई. तशीच रडू दिली तर जळती. जळाल्यावर उघडून बघ, दोन फेजची तार काळी अन् एकीची नव्यावानी दिसंल. तवा प्रोग्रामला शिव्या देऊ नको.'

त्या उत्तराखाली जी जत्रा भरली, तिच्यात माझी जावा नारायणगडाच्या यात्रेत चप्पल हरवावी तशी हरवली. सहा-आठ महिन्यांत मिस्तरींची साठएक उत्तरं झाली. स्टार्टर, केबल, कपॅसिटर, सोलर पंप. जन्मभर हातानं बोललेला माणूस, त्याला सत्तरीत तोंड फुटलं. ताईंनी एकदा फोनवर सांगितलं होतं की आता वडलांना कमी दिसतं, बारीक तार बोटात धरवत नाही, पण गिऱ्हाईक नसलं की स्वतःच म्हणतात, बस, लिहून घे, डोक्यातलं डोक्यात जायला नको.

म्हणून ताईंनी मागणी केली की साइटवर मोटारींसाठी वेगळा विभाग काढावा. म्हाताऱ्याचं सांगणं एका जागी राहील, शोधणाऱ्याला सापडेल. प्रश्न एवढाच होता.

मी विरोधात होतो. माझ्याकडं मुद्दा होता आणि तो चांगला होता, हे मला आजही म्हणायचं आहे. जावाचं उत्तर चुकलं तर प्रोग्राम बंद पडतो, करंटचं उत्तर चुकलं तर माणूस. ते तपासणार कोण? उद्या कुणीही उठून काहीही सांगेल. हा मुद्दा मी उभा राहून मांडला असता तर ताईंनी त्याला उत्तर दिलं असतं, कारण मिस्तरींचं प्रत्येक उत्तर मेन स्विच पाडल्याशिवाय सुरू होत नसे आणि विभागासाठी तसाच नियम त्या लिहून आणणार होत्या. वाद झाला असता. कदाचित मीच हरलो असतो.

तेच नको होतं. खरं कारण वेगळं होतं, आणि ते मी बायकोलाही सांगितलेलं नाही. माझं सगळ्यांत गाजलेलं उत्तर जेवढ्यांनी वाचलं होतं, त्याच्या चौपट लोकांनी मिस्तरींचं 'मोटार रडती' वाचलं होतं. साइट माझी, आणि लोक मिस्तरींना नमस्कार घालत होते. आता मला कोण बोलावून शाल देणार? मोटारवाले सर म्हणून?

साइटच्या सभासदांची वर्षातून एकदा माझ्या क्लासच्या हॉलमध्ये बैठक होते. आमच्याकडं बैठक कुठलीही असो, ती सोसायटीच्या सभेसारखीच चालते. अध्यक्षानं विषयाचा नंबर वाचायचा, विषय वाचायच्या आत मागच्या रांगेतून 'मंजूर, मंजूर' व्हायचं आणि मग जेवायला बसायचं. ही पद्धत मला पाठ होती. मी मागची रांग भरायचं ठरवलं.

तीन मेव्हणे, एक साडू, त्यांचे भाऊ, भावांचे व्याही. मी आजवर सांगताना दोन टेम्पो भरून माणसं आणली असं सांगितलं आहे. एकच टेम्पो होता आणि माणसं अठरा. आदल्या दिवशी मी बसून सगळ्यांना साइटचं सभासद केलं. थोरल्या मेव्हण्याच्या नावापुढं लिहिलं, जावा, पाच वर्षांचा अनुभव. त्यानं कॉम्प्युटर आयुष्यात एकदाच हाताळला होता, तोही माझं घर बदलताना, डोक्यावरून. त्यांना मटणाचं कबूल केलं आणि एवढंच सांगितलं की मी चष्मा काढून पुसायला लागलो की 'नामंजूर' म्हणायचं. टेम्पोत तालीम घ्यावी लागली, कारण त्यांच्या तोंडाला 'मंजूर'चीच सवय. अठराजणांतला एकही असा नव्हता की ज्याच्या विहिरीवर मोटार नाही. हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही, त्यांच्याही नाही.

खरे सभासद बाराच आले. ताई दोन बस बदलून आल्या होत्या. हातात प्लॅस्टिकची फाइल. वडील दुकानातच थांबलेत, म्हणाल्या, निर्णय झाला की लगेच फोन कर म्हणालेत. मी म्हणालो, वा.

विषय क्रमांक तीन मीच वाचला. ताई उभ्या राहिल्या, फाइल उघडली, नमस्कार केला आणि म्हणाल्या, "माझे वडील..." मी चष्मा काढला.

माझ्या पाहुण्यांसारखी इमानी माणसं जगात नाहीत. त्यांच्या 'नामंजूर'नं हॉलचं पत्र्याचं छप्पर हललं. ताईंनी मागं वळून बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं. मी मागच्या रांगेला गप्प करीन, असं त्यांना वाटत होतं. आवाज थांबेपर्यंत त्या तशाच उभ्या होत्या, बोट कागदाच्या पहिल्या ओळीवर. मी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि म्हणालो, "सभेचा कौल आहे, ताई." त्यांनी फाइल मिटली. खऱ्या बाराजणांतले दोघे काही बोलायला उठले होते, पण तोवर मी जेवणाचं सांगून टाकलं होतं.

जेवताना थोरल्या मेव्हण्यानं ताईंच्या ताटात भाकरी वाढता वाढता आपल्या स्टार्टरची तक्रार काढली. सारखा ट्रिप होतो म्हणाला. ताईंनी हातातला घास तसाच ठेवून त्याला सगळं नीट समजावून सांगितलं. मी पाण्याचा जग घेऊन आत गेलो तो बराच वेळ बाहेर आलो नाही.

पाहुण्यांना सोडायला मीही टेम्पोत बसलो. वाटेत साडू म्हणाला, "नामंजूर केलं ते काय होतं बे?"

"मोटारीचं कायतरी," मेव्हणा म्हणाला.

"मोटारीचं? मग मंजूर कराया पायजे होतं की."

सगळे हसले. मी त्यांच्यापेक्षा मोठ्यानं हसलो.

त्याच आठवड्यात मी साइट झाडायला घेतली. ठरावच झाला होता ना. मिस्तरींच्या साठही उत्तरांवर 'असंबंधित' असा शिक्का मारला आणि ती काढून टाकली. पहिल्याच तासाला मी शिकवतो की काहीही पुसायच्या आधी प्रत काढून ठेवा. मी प्रत काढली नाही. विसरलो असं मी सांगत आलो आहे. विसरलो नव्हतो.

दोनेक महिन्यांनी साडूची मोटार जळाली. त्यानं ती जीपमध्ये घातली, सोबतीला मला घातलं आणि मला विचारायच्या आधीच जीप सिरसाळ्याच्या रस्त्याला लावली. तालुक्यात मिस्तरी एकच, म्हणाला. मी जीपमध्येच बसून राहतो म्हणालो, तर म्हणतो, मोटार एकट्यानं उचलंल का.

दुकान एका खोलीचं. मिस्तरी पोत्यावर बसलेले, जाड भिंगाचा चष्मा, मांडीवर तारेचं वेटोळं. ताई मला बघून उठल्या, पाणी दिलं, वडलांना सांगितलं की हे साइटचे सर. मिस्तरी लगबगीनं हात पुसायला लागले. माझ्यासाठी खुर्ची पुसून घेतली. त्यांची उत्तरं मी पुसली होती आणि ते माझी खुर्ची पुसत होते.

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, काय मिस्तरी, हल्ली सांगणं बंद केलंत का. ते हसले. म्हणाले, "कावून सांगावं सर. शिकल्याली माणसं न्हाई म्हणली म्हंजी त्यात कायतरी खोट असंल. आमचं आपलं हातावरचं. पोरीनं सांगितलं, सगळे एका आवाजात न्हाई म्हणले."

खरं काय ते सांगायची ती वेळ होती. मी पेल्यातलं पाणी पिऊन घेतलं. पण साडू ताईंकडं बघून एकदम खूश झाला. म्हणाला, "ताई, वळीकलं का? आमी हुतो की त्या मीटिंगला. मागच्या रांगंत. सरांनीच आणलं हुतं समद्यांना."

ताईंनी माझ्याकडं बघितलं. हॉलमध्ये बघितलं होतं तसं नाही. मिस्तरींचे हात तारेवर थांबले.

"म्हंजी कोण हुते ते?" त्यांनी विचारलं.

"माझे पाहुणे, मिस्तरी."

"जावावाले न्हवते?"

"एकालाही येत नाही."

साडूला काहीतरी चुकलंय एवढं कळलं, काय ते कळलं नाही. तो मोटारीवरची धूळ झाडायला लागला. मग ताईंनी विचारलं, "ती उत्तरं परत आणता येतील का, सर?"

गोष्ट रचायला मला एरवी वेळ लागत नाही. सर्व्हर, व्हायरस, वीज, कुणाच्याही माथी मारता आलं असतं. मी म्हणालो, नाही येणार. प्रत ठेवली नाही, मुद्दाम ठेवली नाही, हेही सांगितलं. ताईंनी मान खाली घातली आणि त्यांना हुंदका नाही, हसूही नाही, असलं काहीतरी आलं.

मिस्तरींनी मोटार आपल्याकडं ओढली. साडूला विचारलं, जळायच्या आधी रडत होती का. साडू म्हणाला, दोन दिवस. मिस्तरींनी बोल्ट ढिले केले, झाकण काढलं, आत बोटं घातली आणि बोटांनीच बघत बघत सांगायला लागले. दोन काळ्या, एक कोरी, हे बघ. ताईंनी भिंतीच्या फळीवरची हिशोबाची वही घेतली आणि मांडीवर उघडली. मीही खिशातून मोबाइल काढला. म्हणालो, मीही लिहून घेतो, विभाग उद्याच्या उद्या काढतो, तुमच्या नावानं काढतो.

मिस्तरींनी वर बघितलं नाही. म्हणाले, "सर, ऐकायचं असंल तर ऐका. लिहू नका."

मी मोबाइल खिशात ठेवला. साडू उकिडवा बसून विचारत होता, फेज गेल्याचं घरबसल्या कळायला काही आहे का, स्टार्टरमध्ये काय टाकावं. चांगले प्रश्न होते, माझ्या साइटवर असे कधी आले नव्हते. मिस्तरी एकेकाला उत्तर देत होते, ताईंचं पेन चाललं होतं. मोटारीबद्दल विचारण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं, आणि जे होतं ते विचारायला तोंड नव्हतं. मी त्या पुसलेल्या खुर्चीवर बसून ऐकत राहिलो.