दुसऱ्या कंपनीची चिप

कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीत माझं शेड होतं, आणि समोरच्या शेडमध्ये माझाच कॉलेजातला वर्गमित्र. दोघंही सूतगिरण्यांच्या यंत्रांसाठी कंट्रोल बोर्ड बनवायचो आणि एकमेकांचं तोंड पाहत नव्हतो. तो म्हणे इंजिनियर! त्याचं सोल्डरिंग पाहिलं की वाटायचं, कावळा शिटून गेलाय.

दोघांच्या बोर्डांवर प्रोसेसर एकाच जातीचा, फक्त कंपन्या वेगळ्या. माझा मूळ कंपनीचा, त्याचा तिच्या प्रतिस्पर्धी कंपनीचा. त्या दोघी बाजारात एकमेकींच्या जिवावर उठलेल्या, पण करार करून एकीनं दुसरीच्या सगळ्या आज्ञा आपल्या चिपमध्ये घेतल्या होत्या. एकीची चिप काढून दुसरीची बसवा, प्रोग्राममधलं अक्षरही बदलावं लागत नसे. हे मला पक्कं ठाऊक होतं.

एका सूतगिरणीची तीस बोर्डांची ऑर्डर निघायची होती. ती मिळाली नाही तर शेड बंद, हे बायकोलाही सांगून झालं होतं. गिरणीच्या स्टोअरबाबूला यातलं ओ की ठो कळत नसे, म्हणून अटी त्यानं माझ्याकडूनच लिहून घेतल्या. तेव्हा तसंच चालायचं. मी लिहिलं, प्रोसेसर मूळ कंपनीचाच हवा, दुसरा चालणार नाही. समोरच्याची जिरवली, या आनंदात मी नागपूरला सीताबर्डीवर दोन प्लेट तर्री-पोहे खाल्ले.

ऑर्डर मिळाली आणि मूळ चिपा मिळेनात. मुंबईच्या व्यापाऱ्यानं दुसऱ्या कंपनीच्या पाठवल्या, मी त्याच बसवल्या. म्हटलं, तो बाबू काय वाचणार, कप्पाळ!

बाबूनं भिंग काढलं. तीसच्या तीस चिपांवरचं नाव वाचलं आणि माल नापास केला. मी त्याला कराराचं समजावलं, माझ्या जुन्या बोर्डावरची मूळ चिप आणि ही नवी आलटूनपालटून बसवून यंत्र चालवून दाखवलं.

"चालून राहिलं, दिसते मले," तो म्हणाला. "मग हे काहून लिहिलं गा?" आणि माझ्याच अक्षरातला कागद पुढे सरकवला.

मी बोर्ड परत खोक्यात भरले. शेजाऱ्याची वाट लावायला लिहिलं, हे थोडंच सांगायचं होतं!

महिन्याभरात ती अट गाळून ऑर्डर पुन्हा निघाली. माल नापास झालेला म्हणून मी बाद, ती समोरच्याला मिळाली. नव्या अटी कोणी लिहून दिल्या ते सांगायला नको. गिरणीला घाई होती, म्हणून समोरच्यानं माझेच तीस बोर्ड विकत घेतले. मीही दिले, भंगारात घालण्यापेक्षा बरे. शेडला कुलूप लावून समोर गेलो, तर तो बोर्डांवर आपल्या नावाची लेबलं चिकटवत होता.

"सोल्डरिंग मस्त हाय गा तुयं," मान वर न करता म्हणाला. "सोमवारपासून येत जा."

गेलो.