सत्यशीलाचं अर्थिंग

तिसगावच्या सत्यशीलाने कार घेतली ती मिरवायला नव्हे. तिचा नवरा रविराज याला दर मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिससाठी नगरला न्यावं लागे, आणि येताना जीपच्या गर्दीत तो पार गळून जाई. म्हणून वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी ती गाडी चालवायला शिकली आणि कुणाची तरी वापरलेली इलेक्ट्रिक कार घेऊन आली. पण घर बोळात. आत मोटारसायकल शिरली तरी पुष्कळ. कार उभी राहिली बोळाच्या तोंडाशी.

पहिले दोन दिवस तिने खिडकीतून लांब वायर सोडून गाडी चार्ज केली. तिसऱ्या दिवशी शेजारचे म्हातारे भिमाजी त्या वायरीत अडखळले, पडता पडता वाचले. सत्यशीलाने तेव्हाच वायर गुंडाळली ती कायमची.

बोळाच्या तोंडाशीच गोजरबाईंची पिठाची गिरणी होती. दुपारी एकनंतर ती बंद असायची. सत्यशीला तिथं गेली. "मावशी, दुपारच्याला गाडी लावू का इथं? मीटर वेगळं बसवून घेते."

"आग लागली म्हंजी?" गोजरबाई म्हणाल्या. मग गाडीत डोळे मिटून बसलेल्या रविराजकडे त्यांची नजर गेली. "लाव. बघू काय व्हतंय."

झालं काहीच नाही. वेगळं मीटर बसलं, पण चार्जरचा दिवा लाल झाला आणि गाडी वीज घेईना. सत्यशीलाने गावातले निवृत्त वायरमन रंभाजी यांना बोलावलं. त्यांनी वीज तपासायचं यंत्र लावून पाहिलं आणि ते हसले. "गाडी शानी हाय, अर्थिंग नसलं की वीज घेत न्हाई. अर्थिंग मेलंय गिरनीचं. तार कोरड्या मुरमात पडलीय."

"मंग गिरनी झटका देती ती?" गोजरबाईंनी विचारलं.

"त्याच्यापायीच. इतकी वर्सं लाकडाच्या फळीवर उभ्या राहून दळताय, म्हनून वाचलात."

रंभाजींनी खड्डा कुठं आणि किती खोल, ते सांगितलं. मजूर लगेच मिळेनात, तेव्हा सत्यशीलाने स्वतःच पहार उचलली. मुरूम असा की पहार टणकन उलटी उडायची. तीन दिवस ती रविराजचं जेवणखाण उरकून खणत होती. तळहाताला फोड आले, तर फडकं बांधून खणू लागली. पहिले दोन दिवस गोजरबाई नुसत्या बघत होत्या. तिसऱ्या दिवशी इस्त्रीवाल्याकडून कोळशाचं घमेलं स्वतः डोक्यावर घेऊन आल्या. खाली तांब्याची प्लेट बसली, वर मीठ-कोळशाचे थर पडले, पाणी घालायला पाइप उभा राहिला.

दिवा हिरवा झाला. गोजरबाईंनी गिरणी सुरू केली, त्या फळीवरून उतरल्या, चालू गिरणीला उघडा तळहात लावून क्षणभर तशाच थांबल्या. "पोरी, लई उपकार झाले," एवढंच म्हणाल्या.

आता त्या कारमधून रविराजबरोबर आणखी दोन रुग्ण नगरला जातात. भर उन्हात अर्थिंगच्या खड्ड्याला पाणी लागतं, आणि गेल्या उन्हाळ्यात नळाला आठ-आठ दिवस पाणी नव्हतं. एका शुक्रवारी नगरहून परतल्यावर सत्यशीला भांडी धुतलेलं पाणी बादलीत घेऊन गिरणीकडे आली. पाइपाभोवतीची माती आधीच ओली होती.

"सकाळीच वतलं म्या," गोजरबाई आतून म्हणाल्या. "तू जा, त्याला जेवाया वाढ."