बिनकर्जाचा मामा

माझा मामा शिलाई मशीन दुरुस्त करतो आणि कुणाचंही देणं लागत नाही. ही दोन्ही वाक्यं तो एकाच श्वासात सांगतो. नवं गिऱ्हाईक आलं की आधी मशीनचं चाक उलटसुलट फिरवून बघणार, शटल काढून त्यात अडकलेला दोऱ्याचा गुंता चिमट्यानं ओढणार, आणि तेवढ्या वेळात ऐकवणार, "छत्तीस वर्षं झाली या धंद्यात. एका पैचं कर्ज नाही!" बिचारा माणूस फक्त टाका का सुटतोय एवढंच विचारायला आलेला असतो.

चहावाल्याला चहा उकळायच्या आधी पैसे. न्हाव्याला खुर्चीत बसायच्या आधी. एकदा न्हावी म्हणाला, "मास्तर, दाढी बिघडली तर?" मामा म्हणाला, "बिघडली तर बिघडली, पण उधारीची नको." बाजारात सगळे त्याला नगदमामा म्हणतात. त्याला ती पदवी वाटते. मला विचाराल तर तो आजार आहे, आणि त्याचं मूळही मला माहीत आहे. लहानपणी घरचे त्याला उधारीवर सामान आणायला पाठवत, आणि दुकानदार चार लोकांत बाकीचा आकडा मोठ्यानं वाचून दाखवत असे. "माझे कान अजून गरम होतात गं," असं तो एकदा मला म्हणाला होता. म्हणून मी त्याला फार हसत नाही. थोडंच हसते.

त्याचं दुकान म्हणजे आठ बाय दहाचा गाळा. भिंतीवर पट्टे टांगलेले, बरण्यांत सुया आणि बॉबिन, सगळ्यावर मशीनच्या तेलाचा वास. दाराजवळच्या उजेडात मामा स्टुलावर, आणि आतल्या कोपऱ्यात मामी. मामी शर्टांची काज-बटणं करते, पॅन्टची उंची कमी करून देते. तिची कमाई तिच्याकडे, मामाची मामाकडे. "बायकोच्या पैशाला मी हात लावत नाही," हे मामाचं आणखी एक आवडतं वाक्य. त्याच्याकडे अशी बरीच आहेत.

गेल्या वर्षी गाळ्याचा मालक आला आणि स्टुलावर बसून म्हणाला, "मास्तर, मी आता मुलाकडे राहायला जातोय. गाळा विकतो. इतकी वर्षं तुम्ही इथे आहात, पहिला हक्क तुमचा. नऊ लाख. वर्षभर थांबतो. नाही जमलं तर शेजारचा मोबाइलवाला तयारच आहे."

मोबाइलवाला इतका तयार होता, की दुसऱ्याच दिवशी टेप घेऊन आमची भिंत मोजून गेला. मामाकडे साडेचार लाख होते. उरलेले साडेचार कुठून आणायचे? दुसरीकडे भाड्यानं जावं, तर छत्तीस वर्षांची गिऱ्हाइकं त्याला शोधत कुठे फिरणार? शिंपी लोकांचं काम घाईचं असतं, ते चार गल्ल्या पलीकडे जात नाहीत. गाळा गेला तर धंदा गेला, इतकं सरळ होतं ते.

मी एका शाळेच्या कार्यालयात कारकून आहे. फॉर्म भरण्यात माझा हातखंडा, म्हणून मामाला बँकेत मीच घेऊन गेले. कर्ज विभागातल्या मॅडम माझ्याच वयाच्या होत्या. त्यांनी कॉम्प्युटरवर बघितलं आणि मान हलवली.

"काका, तुमचा कर्जाचा इतिहासच नाही."

"मग चांगलंच आहे की!" मामा म्हणाला.

"चांगलं नाही. तुम्ही घेतलेले पैसे परत देता की नाही, हे आम्हाला कळणार कसं?"

"बाजारात विचारा कुणालाही."

"बाजार कॉम्प्युटरवर दिसत नाही, काका."

मामा बाहेर आला तो धुमसतच. "म्हणजे कर्ज बुडवणाऱ्यांना मिळतं आणि मला नाही?"

"बुडवणाऱ्यांनाही मिळत नाही," मी म्हणाले. "तू आणि ते एकाच रांगेत उभे आहात." बोलून गेले आणि जीभ चावली.

उपाय मॅडमनीच सुचवला होता. एखादं छोटं कर्ज घ्या, महिन्याच्या महिन्याला हप्ता भरा, सात-आठ महिन्यांनी या. आम्ही आठ हप्त्यांवर फ्रिज घेतला. फ्रिज घरात आला आणि मामाची झोप उडाली. तो त्यातलं पाणी पिईना. "अजून आपला कुठे आहे?" म्हणायचा. दार सुद्धा जपून लावायचा, जणू उद्या परत न्यायला येणार आहेत. अकराव्या दिवशी संध्याकाळी तो माझ्या घरी आला. चेहरा असा फुललेला, की मला वाटलं लॉटरी लागली.

"सुटलो!" त्यानं खिशातून पावती काढली. "सगळं फेडून टाकलं. एकदम!"

मी कपाळावर हात मारून घेतला. मॅडमनी तर दोन्ही हात मारले. "काका, आम्हाला तुमचे पैसे नको होते. तुमची सवय बघायची होती."

शहाणी माणसं असल्या चुका करत नाहीत. त्यांना हप्ता भरायला आठवण करावी लागते. आमच्याकडे हप्ता भरू नये म्हणून पहारा ठेवायची वेळ आली. दोन महिने असेच गेले होते. मग दुकानासाठी कापडाच्या कडा शिवायचं एक ओव्हरलॉक मशीन घेतलं, पुन्हा आठ हप्त्यांवर, आणि या वेळी सगळी व्यवस्था मामीनं हातात घेतली. वेगळं खातं, त्यात तीन हप्ते पुरतील एवढी रक्कम आधीच ठेवलेली, आणि दर पाच तारखेला हप्ता आपोआप वळता. पासबुक तिच्या पिशवीत. मामाला फक्त गप्प बसायचं काम होतं आणि तेच त्याला जमत नव्हतं.

पहिल्या महिन्यात तो रोकड घेऊन बँकेत गेला. मी मॅडमना आधीच सांगून ठेवलं होतं, त्यांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. दुसऱ्या महिन्यात त्यानं ओळखीच्या एका शिंप्याला पाठवलं. तो भला माणूस पाकीट पुढे करून म्हणाला, "हे नगदमामांच्या कर्जात भरा. त्यांनी दिलंय. पण त्यांनी दिलंय हे सांगू नका म्हणालेत." मॅडमनी मला फोन केला तेव्हा त्यांना हसू आवरत नव्हतं. मी तणतणत दुकानात गेले. मामा मशीनमागे लपल्यासारखा बसला होता. मामीनं दातानं दोरा तोडला आणि शांतपणे म्हणाली, "अहो, पाच तारखेला जाईल. आज दोन आहे." एवढंच. ना ओरडणं, ना आदळआपट. मामीला हे सगळं इतकं सोपं कसं वाटतं, असा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही.

चौथ्या महिन्यापासून मामा जरा निवळला. सहाव्या महिन्यात तर त्याला चव लागली. "आपला हप्ता गेला बरं का," असं तो पाच तारखेला चहावाल्याला सांगू लागला. चहावाल्यानं अभिनंदन केलं.

मालकाच्या मुदतीचा एकच महिना राहिला असताना आम्ही तिघं पुन्हा मॅडमच्या टेबलासमोर बसलो. मामानं इस्त्रीचा शर्ट घातला होता. मॅडमनी बराच वेळ आकडेमोड केली. "काका, आता इतिहास छान आहे. पण एकट्या तुमच्या उत्पन्नावर अडीच लाखच बसतात."

दोन लाख कमी. मामाचा चेहरा उतरला. त्या सगळ्या खटपटीचं असं पाणी झालेलं बघून मलाच रडू यायला लागलं.

"घरात आणखी कुणी कमावतं का?" मॅडमनी विचारलं.

"ही काज-बटणं करते," मामा म्हणाला. "पण हिला कशाला विचारता मॅडम? हिनं आयुष्यात कर्जाचं तोंड पाहिलेलं नाही."

मामीनं पिशवीतून आपलं ओळखपत्र काढून पुढे केलं. मॅडमनी नंबर घातला. मग त्या स्क्रीनकडे बघतच राहिल्या.

"काकू, अकरा कर्जं?"

"बारा," मामी म्हणाली. "पहिलं तुमच्या कॉम्प्युटरच्या आधीचं आहे."

"एकही हप्ता उशिरा नाही!" मॅडम आमच्याकडे वळल्या. "दोघांचं मिळून साडेचार लाख सहज बसतील. काका, तुम्ही वर्षभर कशाला हिंडत होतात?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! पण मामाला ते ऐकूच गेलं नाही. "बारा? कशासाठी?"

मामी बोटांवर मोजू लागली. "माझ्या मशीनची मोटार. आपल्या पोरीच्या कॉलेजची फी, चारदा. छप्पर गळत होतं ते. तुमचं ऑपरेशन..."

"ऑपरेशनचे तर मी रोख मोजले!"

"अर्धे मोजलेत. उरलेले मी खालच्या काउंटरवर आधीच भरून आले होते."

"आणि शेवटचं?"

मामी जराशी अडखळली. "तुमच्या कवळीचं."

मामाचा हात आपसूक तोंडाकडे गेला. "डॉक्टरनं सवलत दिली म्हणाली होतीस."

"सवलत नव्हती. अठरा हप्ते होते. गेल्या महिन्यात संपले."

म्हणजे दीड वर्ष हा माणूस हप्त्यावरच्या दातांनी बाजारभर फुशारक्या मारत होता. एरवी मी हसून हसून लोळले असते. तेव्हा हसवेना.

"मला का नाही सांगितलंस?" मामानं विचारलं. आवाज अगदी लहान झाला होता.

"सांगितलं असतं तर तुम्ही दुसऱ्या दिवशी दुकानातली मशीन विकून फेडलं असतं. मग खायचं काय? मला झेपेल तेवढंच घेत होते. एक संपल्याशिवाय दुसरं कधी घेतलं नाही. आणि कुणाचं देणं नाही म्हणताना तुमचा चेहरा किती खुलतो. तो मला घालवायचा नव्हता."

मामानं मान खाली घातली. त्याचे ओठ हलत होते. मला वाटलं काही पुटपुटतोय, पण तो हिशेब करत होता. एका काजाला किती मिळतात हे त्याला पक्कं ठाऊक होतं. बारा कर्जांची किती काजं होतात, ते तो मोजायला बसला होता, आणि कुठेतरी मध्येच त्यानं मोजणं सोडलं. सगळ्या बँकेसमोर त्यानं मामीचा उजवा हात हातात घेतला आणि तिच्या बोटांकडे बघत राहिला, जणू पहिल्यांदाच बघत होता. सुईनं घट्टे पडलेली बोटं होती ती. मामा रडत होता आणि त्याला लाज वाटत नव्हती.

"मॅडम," तो शेवटी म्हणाला, "हिचं नाव वर घाला."

"गाळ्याच्या कागदावरही?" मॅडमनी विचारलं.

"तिथे तर आधी."

मामीनं हात सोडवून घेतला, कारण सही करायला तोच लागत होता.