घाटाखालचं नाव

आमच्या भागातल्या लग्न झालेल्या बाईचं नाव मतदार यादीत कुठं आहे, हे तिच्या नवऱ्याला विचारू नये. त्याला वाटतं, आपल्याच गावात. कितीतरी जणींचं ते माहेरीच असतं आणि ते चुकून राहिलेलं नसतं. लग्नकार्य नाही, कोणी आजारी नाही, मग माहेरी कशाला, असं कुठलीही सासू विचारू शकते. पण मतदानाला जाते म्हटलं की तिची बोलती बंद. सकाळी निघायचं, बोटाला शाई लावून घ्यायची, आईच्या हातचं जेवायचं आणि दिवेलागणीला परत यायचं.

माझं सासर लोणावळ्यात, माहेर घाटाखाली खोपोलीत. जिल्हा वेगळा, मतदारसंघही वेगळा. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण प्रत्येक निवडणुकीला मी घाट उतरले. अम्मी जाऊनही चार वर्षं झाली, तरी नाव हलवलं नाही. हलवलं असतं तर त्या घरात माझं म्हणावं असं काय राहिलं असतं?

यंदा विधानसभा लागली तेव्हा दिवाळी तोंडावर होती. मी ब्लाउज शिवते, त्यामुळे डोकं वर काढायला सवड नव्हती. समोरच्या टपरीवर मात्र दिवसभर एकच विषय. आपली जागा युतीत कोणाच्या वाट्याला, तिकीट कापलं तर कोण बंड करणार, तळेगाव कोणाकडे झुकणार. मतदारसंघात लाखो बायका राहतात याचा त्या गप्पांत पत्ताच नसे. मी मशीन जोरात चालवून राग काढायचे.

अशात पवनानगरच्या मावशी दुकानात आल्या. अंगणवाडीत मदतनीस म्हणून जन्म घालवलेली बाई, माझी जुनी गिऱ्हाईक. बसल्या आणि म्हणाल्या, "मी आमदारकीचा फारम भरतीय."

मी हसले. त्या हसल्या नाहीत. गेल्या वर्षी त्यांची सून कामशेतच्या दवाखान्यात नेताना प्रवासी भरणाऱ्या वडापच्या जीपमध्येच बाळंत झाली होती. बाळ वाचलं नाही. तेव्हापासून मावशी गावाला मुक्कामी डॉक्टर मिळावा म्हणून अर्ज घेऊन हिंडत होत्या. चार पुढाऱ्यांनी अर्ज घेतले, चहा पाजला आणि विसरून गेले.

"निवडून येनार न्हाई, ते काय मला कळत न्हाई व्हय?" त्या म्हणाल्या. "पन मी हुबी ऱ्हायले तर मतं मागाया आलेल्याला माज्या दारात डाक्टरचं बोलावं लागंल. तेवडंच पायजे."

मशीन थांबलं. अपक्षाला अर्जावर सही करणारे दहा सूचक लागतात, सगळे याच मतदारसंघातले मतदार. एक जरी कमी पडला तरी अर्ज बाद. "दहा बायका मी उभ्या करते," मी म्हणाले. बोलून बसले, मग मागे फिरणं माझ्या स्वभावात नाही.

आमच्या बचत गटाच्या जाळ्यातून दोन दिवसांत दहा जणी तयार झाल्या. मग मी याद्यांच्या झेरॉक्स मांडून प्रत्येकीचा अनुक्रमांक शोधायला बसले, तर तीन नावं सापडेनात. फोन केले. एकीचं नाव मुळशीत, एकीचं खेडला, तिसरीचं कर्जतला. सगळी माहेरं. मी तिघींनाही फैलावर घेतलं. "वीस-वीस वर्षं इथलं पाणी पिता आणि मत तिकडं टाकता? मग इथं डॉक्टर कोण आणणार, तुमचे भाऊ?" एक तर रडलीच. माझं स्वतःचं नाव कुठं आहे, ते मी एका शब्दानं बोलले नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

पळापळ करून तिघींच्या जागी तीन जणी मिळवल्या. अर्जाच्या शेवटच्या दिवशी सगळ्यांनी वडगावला तहसीलच्या आवारात जमायचं ठरलं. दुपारी तीनला दार बंद होणार होतं. साडेबाराला दहातल्या कान्हे गावच्या बाईचा फोन आला. तिचा दीर एका उमेदवाराच्या प्रचारात होता, त्याला कुणकुण लागली होती. "ताई, मला घरात ऱ्हायाचंय," एवढंच म्हणाली. तिला काय बोलणार?

नऊ झाल्या. आवारात माणसं चिक्कार, पण प्रत्येक जण कोणत्या ना कोणत्या उमेदवाराच्या गाडीतून आलेला. मावशींनी पेन माझ्यापुढं धरलं. "तू कर की सही. तुजी मी आदीच धरली व्हती."

नऊ जणी माझ्याकडं बघत होत्या. धरणी पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. "माझं नाव खोपोलीत आहे," मी म्हणाले. आंबी गावची एक जण तोंडाला पदर लावून हसली. तिनं शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं. माझ्या खोटेपणामुळं एका बाईचा अर्ज पडणार होता.

लोणावळ्याच्या यादीतला एकच अनुक्रमांक मला पाठ होता, सासूबाईंचा. बावीस वर्षं ज्यांना फसवून मी माहेरी गेले, त्यांनाच फोन लावला. सगळं सांगितलं. पलीकडं कपाट उघडल्याचा आवाज आला. मग, "चष्मा कुटं ठिवलाय माजा?" एवढंच विचारलं आणि फोन ठेवला.

दुपारी लोकल नसते. पंचाहत्तरीची बाई शेजाऱ्याच्या टेम्पोत पुढं बसून आली. अडीच वाजून गेले होते. उतरल्या, कोणाशी न बोलता पेन घेतलं आणि पाय दुखत असताना उभ्यानंच सही केली. मावशी अर्ज घेऊन आत पळाल्या.

बाकावर बसल्यावर मी माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी हातानं थांबवलं.

"तुजं नाव खाली हाय, मला ठावं व्हतं. सुरवातीपास्नं." मग गुडघा चोळत म्हणाल्या, "माजं नाव लगीन झाल्याझाल्या हितं आनलं. मला कुनी इचारलं न्हाई. मग जायाला निमित्तच ऱ्हायलं न्हाई. म्हनून तुला कवा अडवलं न्हाई."

मी तिथंच, तहसीलच्या आवारात, सगळ्यांसमोर रडले.

छाननीत अर्ज टिकला. चिन्ह मिळालं, हातानं रंगवलेले फलक लागले. मोठ्या उमेदवारांच्या भाषणात खरोखरच पवनानगरच्या डॉक्टरचा विषय आला. करतील तेव्हा खरं. पण बोलावं तर लागलं.

या वेळी नाव हलवायची मुदत संपली होती. मतदानादिवशी मी घाट उतरले. मशीनवरची सगळी नावं वाचली. मावशी तिथं नसणार हे माहीत असून वाचली. मग कोणाचं तरी बटण दाबलं. भावाकडं जेवायला थांबले, पण जेवण अर्धं टाकून उठले. घरी आले तर सासूबाई दारातच बसलेल्या. शाईचं बोट वर करून म्हणाल्या, "माजं मावशीला. तुजं?"

मी शाईचं बोट मुठीत मिटलं.

नाव वर आणायचा अर्ज मी त्याच महिन्यात भरला. सही करताना अम्मीचा चेहरा डोळ्यांपुढं आला, तरीही सही केली. खोपोलीला मी पुढच्या शुक्रवारी गेले. कशाला, ते सांगितलं नाही. जायचं होतं म्हणून गेले.

मावशी अर्थातच पडल्या. निकालानंतर ब्लाउजचं माप द्यायला आल्या, तेव्हा चेहऱ्यावर हरल्याची खूणही नव्हती. "पाच वर्सं हायेत हातात," त्या म्हणाल्या. "धा जनी आत्ताच हुडकून ठिव."

"आठच शोधायच्या, मावशी," मी टेप त्यांच्या खांद्यावर धरत म्हणाले. "दोघी आमच्या घरातल्याच आहेत."