औषधाच्या खिडकीवर आमचे व्याही

माणूस आजाराने मरतो हे आमच्या व्याह्यांना मान्य नाही. त्यांच्या मते तो चुकीच्या खिडकीवर उभा राहिल्यामुळे मरतो. बरोबर खिडकी, बरोबर वार आणि कागदांची बरोबर चळत एवढं जमलं, की या बुलडाणा जिल्ह्यात कुणालाही कुठलंही औषध मिळू शकतं अशी त्यांची पक्की खात्री आहे, आणि ही खात्री ते एस.टी.त शेजारी बसलेल्या माणसापासून लग्नात अक्षता घेऊन उभ्या असलेल्या पाहुण्यांपर्यंत सगळ्यांना ऐकवतात. ते माझ्या मुलीचे सासरे. आमच्या वऱ्हाडी बोलीत व्याह्याला इवाई म्हणतात. ते मला 'इवाई' अशी हाक मारतात तीही इतक्या मोठ्याने, की बुलडाण्याच्या स्टँडवर एकदा तीन अनोळखी माणसांनी मागे वळून पाहिलं होतं.

मोताळा तालुक्यातल्या जनावरांच्या दवाखान्यात ते ड्रेसर होते. उभी नोकरी त्यांनी बैलांच्या खांद्यांच्या जखमा धुण्यात आणि म्हशींचा जबडा उघडून नळीने औषध पाजण्यात घालवली. निवृत्तीनंतर जनावरं सुटली, सवयी राहिल्या. कुणाच्या घरी आजारी माणूस पाहायला गेले, की आधी त्याची खालची पापणी ओढून पाहतात, मग पाठीवर थाप मारतात, आणि त्याच्याशी एक शब्द न बोलता घरच्यांना विचारतात, "चारापाणी घेते का बरोबर?" माझ्या बायकोला पाहायला आले तेव्हाही हेच झालं. पापणी, थाप, चारापाणी. ते गेल्यावर मी जरा ओशाळून तिच्याकडे पाहिलं, तर ती म्हणाली, "बरं झालं, दात नाही मोजले." दवाखान्यातून आल्यापासून ती पहिल्यांदाच हसली होती.

तिला रक्ताचा आजार निघाला होता. डॉक्टरांनी धीर दिला, म्हणाले घाबरू नका, रोज एक गोळी घ्यायची, बस. फक्त ती जन्मभर घ्यायची. मी चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानात गेलो. दुकानदाराने किंमत सांगितली. मी विचारलं, महिन्याची का? तो म्हणाला, दहा गोळ्यांची. मी चिठ्ठीची घडी करून खिशात ठेवली आणि उगीच खोकल्याचं औषध विकत घेऊन बाहेर पडलो, कारण काहीच न घेता पायरी उतरणं मला जमेना. मी आयुष्यभर विनाअनुदानित शाळेत मराठी शिकवलं. अनुदान येईल येईल म्हणून आम्ही मास्तर लोक वाट पाहत राहिलो, आणि वाट पाहता पाहता निवृत्त झालो. पेन्शन नाही. गावात मात्र सगळे 'सर' म्हणतात, त्यामुळे कुणापुढे हात पसरायचीही सोय नाही.

ते खोकल्याचं औषध व्याह्यांच्या नजरेला पडलं आणि त्यांनी माझ्याकडून सगळी हकीकत वदवून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मोताळ्याहून पहिल्या गाडीने आले, मला घेऊन त्याच दुकानात गेले, आणि गोळ्यांचं पाकीट मागवून त्याची पाठ वाचू लागले. गोळीचं नाव वाचू नये, पाठ वाचावी, हा त्यांचा नियम आहे. नाव कंपनीचं असतं, औषध पाठीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. जनावरांच्या दवाखान्यात त्यांनी तेवढं एक ज्ञान घोटून घेतलं होतं. माणसाच्या गोळीत आणि म्हशीच्या गोळीत फरक आकाराचा असतो, आणि दुसरा फरक असा, की म्हशीचा मालक भाव विचारतो, माणूस विचारायला लाजतो, असं त्यांनी दुकानात जमलेल्या चारसहा गिऱ्हाइकांना समजावून सांगितलं. त्यातल्या दोघांनी लगेच आपापली पाकिटं उलटी करून पाहिली. तेव्हापासून तो दुकानदार आमच्या व्याह्यांना लांबून पाहिलं की आत जाऊन माल लावायला लागतो.

तेच औषध दुसऱ्या नावाने स्वस्त मिळत होतं, पण आमच्यासाठी तेही महागच होतं. मग व्याह्यांनी खिडक्या शोधायला सुरुवात केली. त्यांच्याजवळ एक जुनी वही आहे, गुरांच्या लसीकरणाची. तिच्यात 'गाय', 'म्हैस', 'शेळी' अशा छापील रकान्यांत त्यांनी माणसं भरली आहेत. कुठल्या दवाखान्यात मदतीचे कागद कोण घेतं, कुठला बाबू जेवायला लवकर उठतो, कुठल्या ट्रस्टला रेशनकार्डाची झेरॉक्स दोन्ही बाजूंनी लागते, हे सगळं त्यात आहे. माझ्या बायकोचं नाव त्यांनी 'गाय' या रकान्यात लिहिलं. मी विचारलं तर म्हणाले, म्हशीपेक्षा बरं दिसतं.

एक वाट निघाली. ती गोळी बनवणारीच कंपनी गरजू रोग्यांना दर महिन्याला गोळ्या फुकट देते, त्यासाठी फॉर्म भरायचा, उत्पन्नाचा दाखला जोडायचा, डॉक्टरांची सही घ्यायची, आणि संभाजीनगरच्या एका मोठ्या दवाखान्यात जाऊन गोळ्या आणायच्या. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आम्ही तहसीलला गेलो. तिथल्या बाबूने माझ्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, आणि संशयाने विचारलं, "सर, मास्तरकी करून एवढंच?" मी खाली पाहू लागलो. व्याही पुढे झाले. म्हणाले, "साहेब, हेच त्यायले आमी तीस वर्षांपासून इचारून राह्यलो." बाबू हसला आणि दाखला झाला.

संभाजीनगरच्या त्या खिडकीवर पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा माझा नंबर आला आणि माझे पाय मागे सरकले. माझ्या मागे मेहकरकडचे एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांना मी म्हणालो, तुम्ही जा पुढे. त्यांच्या मागच्यालाही म्हणालो. व्याही बाकावरून हे पाहत होते. ते उठून आले, माझा दंड धरला आणि पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले. "इवाई, आपून उपकार मागायले नाई आलो. फारम भरायले आलो. उपकाराची खिडकी अलग असन, ते मले माहीत नाई."

त्यानंतर साडेतीन वर्षं दर महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी आम्ही गेलो. सांगायला सोपं आहे. पहाटेची गाडी, चार तासांचा रस्ता, खिडकी उघडायची वाट, खिडकी उघडल्यावर ज्यांची सही लागते त्यांची वाट, आणि तीन-चारची परतीची गाडी. मागच्या महिन्याची रिकामी पाकिटं दाखवल्याशिवाय नवी मिळत नसत. गोळ्या रोगी खातो की विकतो, याची ती खात्री. व्याह्यांना हा नियम फार आवडला होता. ते रिकामी पाकिटं रबर लावून आणत आणि पत्त्यांसारखी पसरून दाखवत. एका गुरुवारी आतल्या बाईंनी सांगितलं, माल आलेला नाही, पुढच्या आठवड्यात या. बायकोजवळ तीन गोळ्या उरल्या होत्या. मी बाकावर बसलो तो उठेचना. रांगेतली बाकीची माणसंही तशीच बसली, कुणी भांडलं नाही, एवढ्या लांबून आलेल्या माणसांत भांडायला जोर नसतो. व्याह्यांनी पाकिटावरचा फुकट फोनचा नंबर लावला. पलीकडे कुणी हिंदी बोलणारी मुलगी होती. "मॅडम, हमारे इवाई की मंडळी का माल खतम हुआ," असं त्यांनी सुरू केलं. 'इवाई' आणि 'मंडळी' या दोन शब्दांचा उलगडा करण्यात दहा मिनिटं गेली. मग त्यांनी रांगेतल्या प्रत्येकाचं नाव, गाव आणि उरलेल्या गोळ्या तिला लिहून घ्यायला लावल्या. पुढचे चार दिवस ते सकाळ-दुपार फोन करत होते. तिसऱ्या दिवशी ती मुलगीच त्यांना आपल्या आईच्या गुडघ्याबद्दल विचारत होती. पाचव्या दिवशी गोळ्या आल्या. मधले दोन दिवस बायकोची गोळी चुकली. त्या दोन दिवसांत आम्ही नवराबायको घरात पाहुण्यासारखे वागलो, एकमेकांशी फार जपून बोललो.

गोळीचा त्रासही होता. डोळ्यांखाली सूज यायची, पोटऱ्यांत गोळे यायचे, कधी कधी अन्नावरची वासना जायची. तरी तिने ती घेतली. आणि त्या गोळीने तिला धरून ठेवलं, हे मला नाकारता येत नाही. तिला नेलं ते दुसऱ्याच गोष्टीने. दिवाळीनंतर साधा ताप आला, तो छातीत उतरला, आणि आठ दिवसांत सगळं संपलं. दवाखाना बरोबर होता, डॉक्टर बरोबर होते, औषध वेळेवर मिळालं. व्याही त्या आठही दिवस व्हरांड्यात उभे होते. शेवटच्या दिवशी त्यांनी मला विचारलं, काय राहिलं होतं इवाई आपलं? मी म्हणालो, काही नाही. ते वहीची पानं उलटत राहिले.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले, मुलगी-जावई पुण्याला परतले. तीन आठवड्यांनी व्याही आले. तुरीबद्दल बोलले, रस्त्याच्या कामाबद्दल बोलले, चहा दोनदा घेतला. जायला उठले आणि परत बसले. मग म्हणाले, "इवाई, एक इचारतो. राग येईन तुमाले."

कपाटात गोळ्यांची दोन न फोडलेली पाकिटं होती, हे त्यांना माहीत होतं. त्यांनीच ती आणली होती. मोताळ्याजवळच्या एका खेड्यातल्या बाईला तोच आजार निघाला होता, तीच गोळी, तेवढीच ताकद. तिचा फॉर्म मंजूर व्हायला महिना लागणार होता. संभाजीनगरच्या खिडकीवर आणि डॉक्टरांना, दोन्हीकडे त्यांनी विचारून घेतलं होतं. पाकीट बंद आहे आणि तारीख उलटलेली नाही, हे डॉक्टर स्वतः पाहतील, मगच देऊ, असं ते सांगत होते. मी त्यांना पुढे बोलू दिलं नाही. मी म्हणालो, तुम्ही जा. तीस वर्षांत मी वर्गातल्या मुलालाही असं म्हटलं नव्हतं. ते उठले, चप्पल घातली आणि गेले.

चार दिवस त्यांचा फोन आला नाही. पाचव्या दिवशी मी कपाट उघडलं. साड्यांच्या शेजारी ती पाकिटं नीट ठेवलेली होती, तिनेच ठेवलेली. मी फोन केला आणि म्हणालो, गाडी किती वाजता आहे? ते म्हणाले, "साडेआठची हाये. डाक्टर दहाले येते."

डॉक्टरांनी पाकिटं पाहिली, त्या बाईची चिठ्ठी पाहिली, मान हलवली. तिथून आम्ही त्या खेड्यात गेलो. बाई पस्तिशीची असेल. आठवडी बाजारात भाजी विकायची, आता महिन्यापासून घरी होती. नवरा दारात मेथीच्या जुड्या बांधत होता. मला वाटलं, आता व्याही पापणी ओढतील, थाप मारतील, चाऱ्यापाण्याचं विचारतील. त्यांनी काहीच केलं नाही. पाकिटं खाटेवर ठेवली आणि म्हणाले, "हे आमचे इवाई. गोई कशी घ्याची ते यायले इचारा." आणि भिंतीला टेकून बसले.

गोळी कशी घ्यायची हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. साडेतीन वर्षं प्रत्येक रांगेत त्यांनीच ते लोकांना सांगितलं होतं. पण ते बोलेनात, आणि ती बाई माझ्याकडे पाहत होती. मग मी बोलायला लागलो. रिकाम्या पोटी घ्यायची नाही. आधी अर्धी भाकर तरी खायची, मग मोठा पेलाभर पाणी, आणि लगेच आडवं व्हायचं नाही, अर्धा तास इकडेतिकडे करायचं. उलटी झाली तर घाईने दुसरी घ्यायची नाही, डॉक्टरांना विचारायचं. सकाळी डोळ्यांखाली सूज दिसेल, आरशात पाहून घाबरू नका, दुपारपर्यंत उतरते. पोटऱ्यांत गोळे आले तर नवऱ्याला दाबायला सांगा, लाजू नका. बायको गेल्यापासून मी एवढं सलग बोललो नव्हतो. नवरा जुड्या सोडून आत येऊन उभा राहिला होता.

बाईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्या घरी घेते का कोनी? कशा हायेत त्या?"

मी व्याह्यांकडे पाहिलं. ते दाराबाहेर पाहत होते.

"साडेतीन वर्षं घेतली तिनं," मी म्हणालो. "त्यात नातवाला पायावर घेऊन न्हाऊ घातलं. तीन उन्हाळे कुरडया केल्या. नागपूरला दीक्षाभूमीवर दोनदा जाऊन आली. माझ्याशी भांडली पण पुष्कळ."

बाईने पहिल्यांदा एक पाकीट हातात घेतलं आणि उलटंसुलटं करून पाहिलं. नवऱ्याने आम्हाला मेथीच्या दोन जुड्या दिल्या, नको म्हटलं तरी दिल्या.

फाट्यावर गाडीला वेळ होता. निंबाखाली दगडी बाक होता तिथे आम्ही बसलो. व्याह्यांनी आपली जुडी मांडीवर ठेवली आणि तिची पिवळी पानं एकेक करून खुडायला लागले. समोरून दोन ट्रॅक्टर गेले, एक टमटम गेली. मग मीही माझी जुडी सोडली आणि पिवळी पानं खुडायला लागलो.