आईला बाहेर काढायचं

मिरजगावच्या त्या दवाखान्यात लेकराला टाके घालायचे म्हटले की डॉक्टर सुईदोऱ्याच्या आधी छबूबाईला हाक मारायचे. ऊसतोडीत अर्धी हयात घालवलेली बाई. कमरेनं दगा दिला तेव्हा कोयता सुटला आणि ती इथं मावशी म्हणून लागली. झाडलोट काय, कुणीही करतं हो! पण तडफडणारं पोर हलू न देणं हिलाच जमायचं, आणि त्याचा तिला तोराही होता.

तिची रीत ठरलेली. आधी आईला बाहेर काढायचं. "तू हितं थांबलीस तर ते जास्तच रडंल. जा, च्या पिऊन ये." मग पोराला हातापायांसकट चादरीत गच्च गुंडाळायचं आणि वर "काय न्हाई, मुंगी चावल्यागत हुतंय," असं धडधडीत खोटं बोलायचं. दोन-तीन टाक्यांसाठी भुलीची सुई कशाला, तेवढ्यात टाकेच होतात, असं डॉक्टर म्हणायचे. पोर किंचाळून काळंनिळं झालं तरी छबूबाई आईला समजवायची, "लेकराची जात हाय, उद्या इसरतंय." तिचा खरंच तसा विश्वास होता. आग लागो त्या विश्वासाला!

घरी तिची नात होती, मुलाची पोर, ईश्वरी. पाच वर्षांची. आजी कामावरून आली की तिच्या पदरात शिरायची, तिच्या कुशीशिवाय डोळा मिटायची नाही. छबूबाईच्या वाट्याला आलेलं सुख म्हणाल तर एवढंच.

दिवाळीनंतर एकदा ही ईश्वरी गोठ्याच्या पायरीवर तोंडावर आपटली आणि तिची हनुवटी फाटली. सून ज्योती तिला कडेवर घेऊन दवाखान्यात धावली. आजी दिसली तशी पोर रडायची थांबली, दोन्ही हात पुढं करून म्हणाली, "आजी, मला घे."

आजीनं घेतलं, आणि टेबलावर निजवलं.

"आत्याबाई, मी थांबते ना तिच्यापशी," ज्योती काकुळतीला आली.

"तू भाईर जा."

परक्यानं धरण्यापेक्षा आपण धरलेलं बरं, असं छबूबाईला वाटलं. डॉक्टरांनी टाक्याची सुई टोचली. "आजी सोड, आजी दुखतंय," पोर ओरडत राहिली. आजीनं तिचं डोकं आणखी घट्ट दाबलं. शेवटच्या टाक्याला पोर 'आजी' म्हणायची थांबली. "ओ बाई, सोडा ना," म्हणू लागली.

त्या दिवसापासून ईश्वरी आईजवळ झोपू लागली. इसरंल, छबूबाई स्वतःला सांगायची. टाके निघाले, खपली गेली, पण पोर जवळ येईना. खाऊ पुढं केला तर आईच्या मागं लपायची.

उन्हाळ्यात दवाखान्यात नवी डॉक्टरीणबाई आली. पहिलंच पोर आलं ते कपाळ फुटलेलं. छबूबाई चादर घेऊन धावली, तर बाई म्हणाली, "मावशी, चादर नको. त्याच्या आईला आत बोलवा." पोराला आईच्या मांडीवर बसवलं. दुखणार आहे, पण थोडंच, असं त्याला खरंखुरं सांगितलं. भुलीच्या औषधात भिजवलेला बोळा जखमेवर ठेवला आणि सगळे निवांत थांबले. मग भुलीची सुई दिली, तीही हळूहळू, आणि त्यानंतरच टाके घातले. आई त्याला मोबाईलवर ट्रॅक्टर दाखवत होती. पोर मुसमुसलं, बस्स. कुणी धरलं नाही.

औषधाची बाटली नेहमीच्याच कपाटातली होती. छबूबाई ते कपाट रोज पुसायची. म्हणजे ईश्वरीला तसं दाबायची गरजच नव्हती! कुणाला सांगणार, आणि काय सांगणार?

घरी जाऊन पोरीला जवळ घ्यायचं, चुकलं गं माझं म्हणायचं, असं ठरवून ती संध्याकाळी झपाझप आली. दाराशी आली तर आत ईश्वरी ताटापुढं हटून बसलेली, आणि दिवसभर राबून ज्योतीचा जीव मेटाकुटीला आलेला.

"खाती का बोलवू आजीला धरायला?"

पोरीनं घाईघाईनं घास तोंडात कोंबला, लगेच दुसरा घेतला.

छबूबाई उंबऱ्याबाहेरच थांबली. आत पाऊल कसं टाकणार? पोर जेवत होती.