चाळीस पंख्यांचा कपॅसिटर

परवा पंखा मंदावला म्हणून इलेक्ट्रिशियनने त्यातला निकामी कपॅसिटर काढून माझ्या हातावर ठेवला आणि मला आमच्या काळाचौकीच्या चाळीतला गणपती आठवला. त्या वर्षी देखाव्यात खरीखुरी वीज कडाडणार होती. त्यासाठी एका जुन्या निऑन पाटीचे दोन हाय व्होल्टेज ट्रान्सफॉर्मर आणले होते, पण ते चालू केले की चाळीचा मेन फ्यूज उडायचा. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असल्याच्या रुबाबात मी म्हणालो, "हे लाइनमधून फुकटचा करंट ओढतात. शंभर मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला की कमी ओढतील. पण मोटर स्टार्ट करायचा नको, तो फुटेल. पंख्यात असतो ना अडीचचा, तसला पाहिजे." मंडळाच्या अध्यक्षांनी मनातल्या मनात भागाकार केला आणि कार्यकर्त्यांच्या हातात स्क्रूड्रायव्हर दिले. आरतीला तासभर असताना चाळीस खोल्यांतले चाळीस कपॅसिटर माझ्यापुढे ओतले गेले. मागोमाग पदराने वारा घेत एक काकू आल्या, "मेल्या, माझ्या पंख्यातलं काय काढून नेलंस रे?" मी घाम पुसत सगळे जोडले आणि बटण दाबलं. वीज कडाडली, फ्यूज टिकला, घामाघूम चाळीने टाळ्या वाजवल्या आणि अध्यक्षांनी मला शाल-नारळ दिला. परवा बंद पंख्याखाली उकडत बसलो तेव्हा पहिल्यांदाच डोक्यात आलं की फ्यूज माझ्या गणितामुळे नाही, तर चाळीस पंखे बंद होते म्हणून टिकला असेल. नारळ तेव्हाच खाऊन संपला, पण शाल अजून कपाटात आहे आणि आता तिच्याकडे नुसतं बघितलं तरी उकडतं.